वस्तीबाहेर एक खोली हवी आहे : एकोणीस वर्षांच्या मुलासाठी (पुणे)

वृंदा_अभ्यासिका

गेली अकरा वर्षं मी पुण्यातल्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. समाजमंदिराची खोली, दोन ट्यूबलाइट, चटया, आणि आठवी ते बारावीची पोरं. आज जे विचारायला आले आहे त्याचं उत्तर मला अकरा वर्षांत सापडलेलं नाही.

माझा एक विद्यार्थी आता एकोणीस वर्षांचा आहे. सतरा वर्षांचा असताना एका 'मॅटर'मध्ये, म्हणजे दोन गटांच्या मारामारीत, तो होता. कोयता त्याच्या हातात नव्हता, पण तो तिथे होता, आणि समोरच्या मुलाचा उजवा हात कायमचा अधू झाला. यातलं काहीही मी सौम्य करून सांगणार नाही. काही महिने तो निरीक्षणगृहात (रिमांड होममध्ये) होता, मग जामीन झाला. बाल न्याय मंडळापुढे प्रकरण अजून चालू आहे.

आता त्याला यातून सुटायचं आहे. मनापासून सुटायचं आहे, हे मी त्याला सहावीपासून ओळखते म्हणून सांगू शकते. वायरमनच्या कामाला जातो, आयटीआयचा फॉर्म भरायचा म्हणतो. पण राहतो त्याच गल्लीत. समोरच्या गटाने निरोप पाठवलाय, "बघून घेऊ." आणि त्याच्या स्वतःच्या गटातले रोज रात्री खाली येऊन हाक मारतात. वकिलाचे पैसे त्यांनी भरले होते. ते फेडायचे म्हणजे काय करायचं हे त्याला माहीत आहे, मलाही आहे.

मागच्या आठवड्यात त्याची आई म्हणाली, "ताई, तो बूट घालून झोपतो."

तीन खोल्या बघितल्या. पहिल्या ठिकाणी "एकटा मुलगा नको". दुसऱ्या ठिकाणी आधारकार्डावरचा पत्ता वाचून घरमालकांनी कार्ड परत दिलं. तिसऱ्या ठिकाणी सगळं जमलं होतं, मग भाडेकरूची पोलिसांत नोंद करायची म्हटल्यावर हाच घाबरून परत आला. अशा मुलांना राहायला जागा कोण देतं? सरकारी काही आहे का? कुणी हे केलंय का?

निशिगंध

वाचून पोटात कालवलं. माहिती काहीच नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

आबा_वाईकर

ताई, माझं साधं उत्तर. गावी पाठवा.

आमच्याकडे ही पद्धतच होती. मुंबईतलं पोरगं वाया जायला लागलं की मामाकडे रवानगी. १९९३ साली माझ्या बहिणीचा मुलगा असाच आला, लालबागला कुणाच्या तरी नादी लागला होता. पहिले दोन महिने धड बोलला नाही. संध्याकाळ झाली की एसटी स्टँडवर जाऊन बसायचा, मुंबईच्या गाड्या बघत. मी काही बोललो नाही. म्हशींच्या धारा काढायला उठवायचो पहाटे चारला, त्यामुळे रात्री नऊला डोळे मिटायचे. हळूहळू डेअरीच्या गाडीवर जायला लागला, पुढे तीच गाडी चालवायला लागला. आज त्याची स्वतःची दोन वाहनं आहेत.

रात्र लवकर संपली पाहिजे. सगळे उद्योग रात्रीचे असतात.

पेठेतला_अमोल

माफ करा, मी वेगळं बोलणार आहे. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका मुलीवर कोयता उगारला गेला, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी मध्ये पडून तिला वाचवलं. त्यानंतर माझी बहीण सहा महिने क्लासला एकटी गेली नाही. गाड्या फोडणं, कोयते नाचवत दुचाकीवरून फिरणं, कोयत्याने केक कापून ते स्टेटसला लावणं हे आम्ही रोज बघतो. खोली आधी त्या मुलाला मिळायला हवी ज्याचा हात गेला. त्याच्यासाठी कुणी धागा काढलाय का?

वृंदा_अभ्यासिका

@पेठेतला_अमोल, नाही काढला. तुमचं बरोबर आहे. तो मुलगाही दोन वर्षं माझ्याकडे शिकायला होता. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण लिहिता आलं नाही. त्याचं कुटुंब घटनेनंतर महिनाभरात वस्ती सोडून गेलं. मी एकदा भेटायला गेले होते. तो डाव्या हाताने लिहायचा सराव करत होता. माझ्यासमोर चौरेघी वही झाकली त्याने.

अनामिका_४११

मी अशाच एका मुलाची आई आहे. या धाग्यातल्या नाही, दुसऱ्या.

माझ्या मुलाचा कुणाशीच वाद नव्हता. मित्राच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याचाही फोटो होता, एवढंच. नाक्यावर त्याला गाठलं. बावीस टाके. दवाखान्यातून घरी आणला तर खिडकीपाशी बसेना, दाराकडे पाठ करून जेवेना. आम्ही अठरा वर्षांचं घर बंद करून शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने आलो. मिस्टरांना कामावर जायला दोन बस बदलाव्या लागतात. धाकटीची शाळा सुटली ती सुटलीच, वर्षाच्या मध्ये कोण घेतंय. या सगळ्यात आम्हाला एकाही माणसाने विचारलं नाही की तुम्ही राहणार कुठे.

ज्यांनी वार केला त्यांच्यासाठी खोली शोधणाऱ्यांचा मला राग येतो. तो येणारच. पण तरी वाचतेय, कारण माझाही मुलगा मध्ये म्हणाला होता, "मी पण एक ठेवू का जवळ?" तेव्हा मला कळलं की पुढचा नंबर कसा लागतो.

अॅड_माधवी

मी बाल न्याय मंडळापुढे काम करते. दोन्ही बाजूंसाठी लिहिते, कारण दोन्हीकडे कायद्यात जागा आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

आधी अनामिकाताई. जखमीला नुकसानभरपाई मागण्याची तरतूद जुन्या फौजदारी संहितेत कलम ३५७-अ होती, आता नव्या संहितेत ३९६ आहे. राज्याची योजना २०१४ ची आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, अंतरिम मदतही मागता येते. आरोपी सापडला नसेल तरीही अर्ज करता येतो. दुसरं, तुमचा मुलगा साक्षीदार आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. त्यात नातेवाइकाकडे किंवा जवळच्या गावात तात्पुरतं राहायला हलवणं, घरापाशी गस्त आणि गरज पडली तर कायमचं स्थलांतर, एवढं सगळं आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज जातो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. तुम्ही जे स्वतःच्या खर्चाने केलंत ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. केस चालू असेल तर अजूनही अर्ज करा.

आता वृंदाताई. ३०७ (खुनाचा प्रयत्न, जुन्या दंड संहितेतलं कलम) लागलं असेल असं धरते. ३०७ ला सात वर्षांची किमान शिक्षा नाही, म्हणून २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तो 'निर्घृण' गुन्ह्यात मोडत नाही, 'गंभीर' गुन्ह्यात मोडतो. म्हणजे घटनेच्या वेळी सतरा वर्षांचा असलेला तुमचा मुलगा प्रौढ म्हणून खटल्याला उभा राहणार नाही. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मंडळाने त्याला दोषी धरलं तरी त्यामुळे येणारी अपात्रता त्याला पुढे चिकटत नाही, नोंदीही ठरावीक काळाने नष्ट करायच्या असतात. भाडेकरूच्या पोलीस नोंदणीला घाबरून तो जी खोली सोडून आला, ती सोडायची गरज नव्हती. हे त्याला कुणीतरी नीट बसवून सांगा.

राहण्याबद्दल : संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ ते २१ वयाच्या मुलांसाठी 'अनुरक्षण' (आफ्टरकेअर) आहे. अनुरक्षणगृहात जागा किंवा मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिना ४,००० रुपयांपर्यंत मदत. निरीक्षणगृहात राहिलेली मुलंही संस्थेतून बाहेर पडलेलीच, फक्त अनाथ मुलांसाठीच हे आहे असा गैरसमज आहे. मात्र कलम ४६ मध्ये मदत 'देता येईल' असं आहे, 'द्यावीच' असं नाही. त्या एका शब्दापायी खूप खेटे घालावे लागतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्या. आणि काहीही केलंत तरी पत्ता बदलताना परिवीक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) आणि मंडळाला लेखी कळवा, नाहीतर जामिनाचा प्रश्न येईल.

एक विनंती : कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख कुठेही उघड करायची नसते. वस्तीचं नाव, शाळा, वर्ष काहीही लिहू नका.

वृंदा_अभ्यासिका

माधवीताई, तुमच्या प्रतिसादाची प्रत काढली. एक वाक्य लगेच बदललं. ओळख पटेल असे तपशील मी आधीच बदललेले आहेत.

मुठाकाठ

आबांच्या 'गावी पाठवा'बद्दल. पुण्यातल्या कितीतरी वस्त्या १९७२ च्या दुष्काळात आलेल्या माणसांनी वसवल्या. आमचे आजोबा तेव्हा उस्मानाबादकडून आले. आज तिथे आमचं घर नाही, रान नाही, मामा नाही. असलेच तर भिंती. आणि भटक्या-विमुक्तांतल्या पोराला तर गावच नाही. ज्याला गाव आहे त्याचा अर्धा प्रश्न सुटलेलाच असतो.

शिवाय आता मोबाइल आहे. माझ्या मावसभावाला मोहोळला ठेवला होता. तिथून तो इथल्या पोरांच्या स्टोरीला आगीच्या खुणा टाकत होता. एकाने "दम असेल तर ये" लिहिलं, हा रात्रीच्या गाडीने हजर.

आबा_वाईकर

@मुठाकाठ, खरं आहे. माझ्या वेळी मुंबईला फोन करायचा तर पोस्टात जाऊन तास बसावं लागायचं. तोही मोठा आधार होता म्हणायचा! गाव नसलेल्यांचा विचार मी केला नव्हता.

टेम्सकाठी

मूळची कोल्हापूरची, लंडनमध्ये एका बरोच्या (शहरातल्या स्थानिक पालिकेच्या) बेघर-साहाय्य विभागात नऊ वर्षं काम करते. इथे हाच प्रश्न रोज टेबलावर येतो, फक्त कोयत्याऐवजी चाकू.

इथे कायद्याने हिंसेची भीती असलेल्या घरात राहणं 'योग्य नाही' असं धरलं जातं, म्हणजे डोक्यावर छप्पर असूनही तो मुलगा बेघर ठरतो. तुमच्या मुलाबाबत मला हेच सुचलं. त्याला घर आहे, पण बूट काढता येत नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची जबाबदारी बालसेवा विभागाची की गृहनिर्माणाची यावर बरीच टोलवाटोलवी चालायची. साउथवर्क बरोमधल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या खटल्यात २००९ साली निकाल लागला की बालसेवा विभागाने अंग काढून घ्यायचं नाही, जागा आणि आधार दोन्ही द्यायचे. २०१८ च्या ऑक्टोबरपासून तर तुरुंग, रुग्णालयं अशा संस्थांवर बेघर होऊ घातलेल्या माणसाला पालिकेकडे कळवायची सक्तीच आहे.

पण सगळं छान आहे असं समजू नका. आम्ही मुलाला वीस मैलांवरच्या बरोमध्ये हलवतो, तो आठवड्यात परत येताना दिसतो. का? आजी तिथे, नाभिक तिथे, मैत्रीण तिथे. नव्या खोलीत संध्याकाळी सहानंतर भिंतीशी बोलायचं का त्याने? खोलीबरोबर एक माणूस दिला नाही तर खोली फुकट जाते. ग्लासगोमध्ये २००५ पासून पोलिसांनीच हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली. तिथल्या अपघात विभागात रात्रपाळीला अशी माणसं असतात, ज्यांचं काम फक्त जखमी मुलाशेजारी बसून विचारायचं की आता इथून तू कुठे जाणार? त्यांतले काही स्वतः त्या आयुष्यातून बाहेर आलेले असतात. टाके घालताना पोरगा जेवढं ऐकतो तेवढं एरवी कधीच ऐकत नाही.

निशिगंध

"आता इथून तू कुठे जाणार?" अनामिकाताईंना हेच कुणी विचारलं नव्हतं.

सुगरण_मेस

थोडं विषयांतर. माझी कर्वेनगरला मेस आहे. तो मुलगा जिथे कुठे राहायला जाईल, तिथपर्यंत डबा पोचत असेल तर पहिले तीन महिने माझ्याकडून. रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, तेवढं बघा.

पेठेतला_अमोल

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी हे पुण्यातलं सगळ्यात जुनं दुःख आहे. (तो डबा मी पोचवू शकतो, माझी गाडी आहे. आधीच्या प्रतिसादाबद्दल मत तेच आहे, पण डबा पोचवीन.)

परत_आलोय

मॅडम नमस्कार. मी फक्त वाचतो, लिहीत नाही. चुकलं तर माफ करा.

मी पण रिमांडमध्ये होतो. सोळाव्या वर्षी. आता चोवीस चालू आहे. बाहेर आलो त्या दिवशी गेटवर आई नव्हती, तिला तारीख सांगितली नव्हती कुणी. भाईची पोरं होती. तीन गाड्या. हार आणला होता. मला वाटलं, चला, आपलं कोणीतरी आहे. तिथून पुढे आठ महिने वाया गेले.

मला बाहेर काढलं एका आचाऱ्याने. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा, मार्केट यार्डाजवळ त्याचं गोडाऊन. भांडी घासायला गेलो होतो एका दिवसासाठी. रात्री त्याने विचारलं, "घरी जाणार का?" मी गप्प. त्याने विचारलं नाही का नाही जात. गोडाऊनच्या वर पत्र्याची एक खोली होती, टोपं ठेवायची. टोपं एका बाजूला सारली आणि किल्ली दिली.

मॅडम, मला तोपर्यंत कुणी किल्ली दिली नव्हती. घरात आम्ही सात जण, दार कधी बंदच नसायचं. रिमांडमध्ये किल्ली दुसऱ्याकडे. त्या रात्री मी आतून कडी लावली, बाहेर आलो, बाहेरून कुलूप लावलं, परत उघडलं. चार-पाच वेळा केलं. मग झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला उठलो. आचारी ओरडला नाही, म्हणाला पाच किलो कांदा राहिलाय.

मला जे कळलं ते सांगतो. पहिलं, एकाच केसमधली दोन पोरं एका खोलीत ठेवू नका. दुसरं, पहिले दोन महिने सोपे नसतात, पोरं फिल्डिंग लावतात (पाळत ठेवतात), रडून बोलावतात, "तुझी आठवण येते भाई" म्हणतात, आणि ते खोटं नसतं, हेच अवघड आहे. तिसरं, सिम बदला पण आईला नवा नंबर देऊ द्या. चौथं, वकिलाचे पैसे. ते फेडल्याशिवाय पोरं सोडत नाहीत. माझे सत्तावीस हजार होते. आचाऱ्याने पगारातून कापून दिले, तो स्वतः जाऊन देऊन आला, मला पाठवलं नाही.

ज्याला मी मारलं त्याला भेटायला मी अजून गेलेलो नाही. अनामिका मॅडमचं वाचून दोन दिवस काम झालं नाही.

अनामिका_४११

@परत_आलोय, जाऊ नकोस भेटायला. त्याने बोलावलं तर जा. तू तुझं काम कर, बाळा.

अॅड_माधवी

वकिलाच्या पैशांचा मुद्दा मी लिहायला हवा होता. मुलांना मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे, उत्पन्न न बघता. पहिल्याच दिवशी कुटुंबाने तो मागितला तर हे कर्ज होतच नाही. टोळीचा वकील ही मोफत गोष्ट नसते, हे प्रत्येक आईला माहीत व्हायला हवं. वृंदाताई, अभ्यासिकेच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरात लावता आलं तर लावा. बरोबर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, ती पण.

मुठाकाठ

आयटीआयचं बघताय तर दुसऱ्या जिल्ह्यातले पर्याय भरून ठेवा. प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात आणि काही शासकीय आयटीआयना स्वतःचं वसतिगृह असतं. वसतिगृहाच्या पत्त्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही.

वृंदा_अभ्यासिका

बारा दिवसांनी लिहितेय.

अनुरक्षणाचा अर्ज दिला. पोच घेतली. दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा सोमवारी जायचंय. परिवीक्षा अधिकारी बाई चांगल्या निघाल्या, पत्ता बदलायला त्यांची हरकत नाही, मंडळाला अर्ज त्यांच्यामार्फतच गेला.

खोली मिळाली आहे. सरकारी नाही. @परत_आलोय यांनी मला निरोप केला आणि आम्ही आचारीकाकांना भेटलो. वरची पत्र्याची खोली तीन वर्षं रिकामी होती. भाडं घ्यायला ते तयार नव्हते, मी म्हटलं घ्या, मुलाला फुकटचं नको. महिना हजार ठरलं. करार रीतसर करून नोंदणी करणार आहोत, पोलिसांकडेही कळवणार आहोत. माधवीताईंचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. त्याने दोनदा वाचायला लावला.

वकिलाचे एकतीस हजार आहेत. ते कसे आणि कोण नेऊन देणार यावर अजून एकमत नाही. मला भीती वाटते, खरं सांगते.

आणि दुसऱ्या मुलाच्या घरी परत गेले. साक्षीदार संरक्षणाचं आणि भरपाईचं त्याच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी मला आत बोलावलं नाही, दारातच ऐकून घेतलं, पण कागद ठेवून घेतला. मुलगा आतून म्हणाला, "मिस, माझं अक्षर बघायचंय का?" वही बाहेर पाठवली त्याने. छान येतंय आता.

खोलीत सध्या गादी आहे, बादली आहे, बल्ब आहे. पत्रा फार तापतो, पंखा नाही.

आबा_वाईकर

पत्र्यावर ओली गोणपाटं टाका. दुपारी दोनदा पाणी मारायचं. मी वाईहून एक गठ्ठा पाठवतो.

निशिगंध

टेबलफॅन आहे माझ्याकडे, चालू स्थितीतला. बाणेरला कुणी येऊन नेईल का?

पेठेतला_अमोल

मी नेतो. डबा घेऊन जाणारच आहे, एकदम दोन्ही पोचवतो. पत्ता इथे लिहू नका, निरोपात द्या.